गर्दी कशाभोवती आहे

मध्यंतरी आमच्या डॉक्टरमंडळींचं एक जेवण होतं. पानाचं तबक फिरायला लागल्यावर जुन्या कोल्हापूरच्या गोष्टी निघाल्या. कुणी कंदिलाच्या उजेडात आतडं शिवलं, कुणाच्या टांग्याचा घोडा पेशंटच्या दारात आपणहून थांबायचा, असल्या. त्यात एक तरुण डॉक्टर म्हणाला, "इथं पूर्वी एक बाई मायक्रोस्कोपखाली काचा बघायच्या म्हणे. कांदासुद्धा न खाणाऱ्या. समोर धडधडीत कॅन्सर, आणि बाईंनी सूज म्हणून लिहून दिलं." सगळे हसले. त्या मुलानं पद्माक्कांना पाहिलेलंही नाही. मी पाहिलं होतं. मी पानाचा देठ खुडत बसलो.

त्या गोष्टीत चूक झाली हे खरं आहे, पण ती अक्कांची नव्हती, माझी होती. गावासमोर हे वाक्य मी पंचवीसएक वर्षं तोंडात धरून बसलो. आता लिहिलं. बाकीचं ओघानं येईल. आधी अक्का कशा होत्या ते सांगतो. त्या हसण्यात मला जास्त लागलं ते हे, की बाईची एवढी एकच गोष्ट गावात उरली, आणि तीही खोटी.

मी मुंबईहून सर्जरी शिकून आलो तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. शहरात एका मोठ्या डॉक्टरांचा खाजगी दवाखाना होता, तिथं मला जागा मिळाली. आम्ही सगळे त्यांना मोठे डॉक्टरच म्हणायचो. दवाखान्याच्या मागच्या अंगणापलीकडे पूर्वी तबेला असलेली एक लांबट खोली होती. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी पितळी सूक्ष्मदर्शक, ज्याला आम्ही सगळे दुर्बीणच म्हणायचो, आणि दुर्बिणीवर वाकलेल्या पद्माक्का. रक्त, थुंकी, लघवी आणि ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे, सगळं त्यांच्याकडे जायचं. तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन गुलाबी-निळ्या रंगात रंगवायचे आणि बघायचे, हे त्यांचं काम. 'कांद्याच्या पापुद्र्याहून' हे माझे शब्द. अक्का जैन, कुरुंदवाडकडच्या. कांद्याचं नाव निघालं की नाक मुरडायच्या.

उंच, हाडापेराच्या, पांढरं बारीक काठाचं पातळ. दुर्बिणीवर वाकून खांदे पुढं आलेले. एक डोळा मिटून बघायची सवय इतकी मुरलेली, की माणसाशी बोलतानाही डावा डोळा आपोआप अर्धा मिटायचा. नवख्याला वाटायचं, बाई आपल्यालाच काचेवर घेतायत. त्या रीतसर एम.बी.बी.एस. होत्या, इंग्रजी मासिकं मागवून वाचायच्या, पण बोलायच्या घरच्यासारखंच. 'मी येतो', 'मी बघतो', आमच्याकडच्या बायका बोलतात तसं. मोठ्या डॉक्टरांशीही तसंच आणि झाडूवाल्याशीही तसंच. मला त्या पहिल्या दिवसापासून 'तम्मा' म्हणायच्या. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांनीही मला विचारलं नाही.

दवाखान्याचा कंपाउंडर त्यांची चेष्टा करायचा. "अक्का, कांदा चालत न्हाय, लसूण चालत न्हाय, आणि दिवसभर पू कसा चालतो?"

"पू मी बघतो, खात न्हाय," अक्का म्हणायच्या. मग जरा थांबून, "आणि पू म्हणजे घाण न्हाय बाबा. आपलीच माणसं हायत ती. कामावर गेली आणि तितंच मेली."

पुवाची बशी त्या दोन्ही हातांनी उचलायच्या. काम झालं की नाक धरून फेकून देणं त्यांच्याच्यानं व्हायचं नाही. सावकाश उकळायच्या, सावकाश ओतायच्या.

पहिल्या आठवड्यात मी माझं शिक्षण दाखवायला त्यांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचं सैन्यच, नाही का?"

डावा डोळा मिटला. "कोण म्हणालं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिणारा लढाईवर जाऊन आलेला असंल. बस हितं. बोट दे."

माझ्या बोटाला सुई टोचून त्यांनी एक थेंब काचेवर घेतला, वर दुसरी पातळ काच ठेवली आणि ती गरम पाण्याच्या तांब्याला टेकवून कोमट केली. मग दुर्बिणीखाली सरकवली. "काय दिसतंय?"

"लाल पेशी."

"लाल सोड. ते वाहतं पाणी. मधी एक थांबलाय बघ."

मी बघत राहिलो. फिकट, खडबडीत असं काहीतरी होतं, धुक्यातल्या दगडासारखं. मुंबईत मी मेलेल्या, रंगवलेल्या पेशी शेकड्यांनी बघितल्या होत्या. हा दगड मात्र हलला. त्याच्या एका कडेनं जिभेसारखं काहीतरी बाहेर आलं, आणि मग सगळा देह त्या जिभेच्या मागं ओघळत गेला.

"पाय काढला का?" अक्कांनी न बघताच विचारलं.

"काढला."

"हे सैन्य वाटतं तुला? सैन्य हुकमावर चालतंय. ह्याला कुणी हुकूम दिला?"

"मग काय म्हणायचं?"

"गल्ली म्हण. कुणाच्या घरात भांडं आपटलं की गल्ली जमती का न्हाय? तसं हाय. कुणी घागर घेऊन धावतं, कुणी नुसतं बघायला येतं. आणि काही अशी, की एकदा आली की हलायचं नाव न्हाय. पाव्हणं चार दिस बरं. मुक्काम ठोकला की घर मोडतंय." त्यांनी काच काढून पुसली. "गालात चुना-तंबाखूची गोळी ठेवणारा बघ. तितं रोज भांडण, रोज गल्ली गोळा. वर्षानुवर्षं. त्या गर्दीत घरातलाच एखादा कवा बिघडला, कुणाला कळत न्हाय."

दाहातून कॅन्सर कसा उगवतो यावर पुढे मी पुष्कळ वाचलं. पण हे भांड्याचं आणि गल्लीचं पुसलं जात नाही.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जातवारी मोजायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. समोर वाट्या मांडायच्या. एका जातीची पेशी दिसली की एका वाटीत जोंधळ्याचा दाणा, दुसरीला मसूर, तिसरीला मोहरी. डोळा दुर्बिणीला आणि उजवा हात धान्यात. संध्याकाळी मोजलेलं धान्य अंगणात टाकायच्या. दवाखान्यातल्या चिमण्या अख्ख्या शहराच्या रक्तावर पोसल्यायत, असं कंपाउंडर म्हणायचा. दिवस कलला की दुर्बिणीवर फडकं पडायचं, कारण मावळतीनंतर त्या जेवत नसत आणि दिव्याच्या उजेडावर त्यांचा विश्वास नव्हता.

एकदा शाहूवाडीकडचा एक भाताचा शेतकरी बायकोला घेऊन आला. लग्नाला फार दिवस झाले नसावेत. बाईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, अंगावर निळे डाग, आणि अशक्तपणा एवढा की नवऱ्यानं तिला पाठीवरच आणली होती. मी रक्त पाठवलं आणि थोड्या वेळानं निकाल आणायला गेलो. अक्का दुर्बिणीपासून दूर बसल्या होत्या. सगळ्या वाट्या रिकाम्या, आणि एका वाटीत दाणे शिगेला पोचलेले. ती वाटी एरवी कोरडी असायची. अजून वाढ न झालेल्या, रक्तात यायलाच नकोत अशा पेशींसाठी ती ठेवलेली.

"पोरंच पोरं भरल्यात रे," त्या म्हणाल्या. "जाणतं माणूस एक न्हाय."

राखण करणाऱ्या पेशींचाच कॅन्सर होता तो. त्या काळी आमच्याकडे औषध नव्हतं. मुंबईला होतं म्हणत, तेही दिवस लांबवण्यापुरतं. मी निकालाचा कागद घेऊन निघालो, तर अक्का माझ्या आधी अंगण ओलांडून गेल्या आणि त्या माणसाशेजारी पायरीवर बसल्या.

"पावणं, हिचं माहेर कुठं?"

"वरल्या अंगाला, डोंगरात."

"आई हाय?"

"हाय की."

"मग घरला न्हेऊ नका. आईकडं न्या. म्हैस असली तर दूध द्या, आणि काम सांगू नका कुणी."

त्या माणसानं विचारलं, "लई दिस न्हाय व्हय?"

"न्हाय," अक्का म्हणाल्या. माझ्या हातात अजून कागद होता. तो कुणी मागितला नाही.

ही त्यांची रीतच होती, आणि माझ्या गोष्टीचा खिळा इथंच आहे. कागदावर त्या काचेवर दिसलं तेवढंच लिहायच्या, एक शब्द जास्त नाही. बाकीचं, म्हणजे तुकडा नीट घेतलेला नाही, चुकीच्या जागचा आहे, तुमचा अंदाज मला पटत नाही, असलं सगळं त्या अंगण ओलांडून यायच्या आणि त्या डॉक्टरच्या कानात सांगायच्या. मी एकदा विचारलं, लिहीत का नाही? म्हणाल्या, "कागद पेशंटच्या हातात पडतो. एका डॉक्टरनं दुसऱ्याचं उणं काढलेलं त्येनं वाचलं, की तो कुणावर भरवसा ठेवणार? भरवसा गेला की मानूस येतच न्हाय. मग काय बघशील, कप्पाळ?"

आता सबनीस मास्तर.

मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी. कोल्हापुरात चित्रकारांना तोटा नव्हता. त्यात हे मागं राहिलेले, पण हात देवाचा. अक्कांना काचेतलं दृश्य जपून ठेवायचं असे, आणि फोटोची सोय नव्हती. म्हणून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मास्तर रंगाची पेटी घेऊन अंगणातून यायचे आणि दुर्बिणीला डोळा लावून पेशींची चित्रं काढायचे. गालात तंबाखूची गोळी कायमची. अक्का ओरडायच्या, "ती थुका आधी, मग काचेला हात लावा." मास्तर खिडकीतून थुंकायचे आणि परत भरायचे.

"अक्का, ह्या लिम्फोसाइटला जांभळा लावू की निळा?"

"दिसतंय तो लावा."

"दिसतंय ते लावायचं असतं तर मी फोटोवाला झालो असतो."

असं त्यांचं चालायचं. दोघं हसताना मी फारसं पाहिलं नाही, पण शनिवारी त्या खोलीचं दार उघडं असायचं.

एका शनिवारी मास्तर माझ्याकडे आले. आतून गालाला एक व्रण पडला होता, बरेच दिवस भरत नव्हता. मी बघितला. कडा जाड होती. तुकडा घ्यायला हवा होता आणि तो खोल घ्यायला हवा होता, व्रणाची कड आणि खालचा पाया दोन्ही धरून. हे मला मुंबईत दहादा शिकवलं होतं. पण चिमटा लावताच मास्तरांनी मान मागं घेतली, रक्ताचा लोंढा आला, आणि ज्या माणसानं माझा हात धरून मला सरळ रेघ काढायला शिकवलं तो "वसंता, हळू रे" म्हणाला. मी वरवरचा, मऊ भागातला बारीकसा तुकडा घेतला आणि थांबलो.

अक्कांचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, तीव्र आणि जुनाट दाह, पांढऱ्या पेशींची दाट गर्दी, या तुकड्यात कॅन्सर दिसत नाही. कागदामागोमाग अक्का आल्या. मी हात धूत होतो.

"तम्मा, तुकडा वरचा हाय. गर्दी दिसली मला. पण गर्दी कशाभोवती हाय, ते न्हाय दिसलं. एवढी गल्ली उगंच जमत न्हाय. परत घे. खोल घे."

"घेतो, अक्का."

"मास्तरांचा हाय म्हणून हात आखडू नको."

"नाही."

मास्तर बाहेर बाकावर होते. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. मला बघून उठले. "काही वाईट नाही ना?" माझ्या हातात कागद होता आणि कागदावर सूज होती. मी म्हणालो, "सूज आहे मास्तर. तंबाखू बंद करा." त्यांचा चेहरा जो सैल झाला, तो मला परत आवळावासा वाटला नाही. लग्न होऊ दे, मग घेऊ तुकडा, असं मनाशी म्हटलं. गुळण्या दिल्या, टोचणारा दात काढला. व्रण थोडा बसल्यासारखा झाला. दाह उतरला की तेवढं होतं. खाली काय आहे त्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

पुढं एकदा अंगणात अक्कांनी विचारलं, "मास्तरांचा परत घेतलास का?"

मी म्हणालो, "गरज पडली नाही. भरलं ते."

भरलं नव्हतं. दोनच शब्द होते ते, आणि ते मी का बोललो ते आजही मला नीट सांगता येत नाही. मुळात हात आखडला होता ते कबूल करायचं नव्हतं, इतकंच असावं. अक्कांचा चेहरा उजळला. माझ्या शब्दावर त्यांनी डोळा मिटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खपली गव्हाची हुग्गी करून मास्तरांच्या घरी डबा पाठवला. मास्तरांनी मला सांगितलं, "अक्कांनी खीर पाठवली रे. मला वाटतं, माझ्यापेक्षा त्यांनाच भीती होती."

पावसाळा सरता सरता मास्तरांच्या जबड्याखाली गाठ आली. दगडासारखी. या वेळी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः तुकडा घेतला, खोल. अक्कांनी बघितला आणि नेहमीप्रमाणे लिहिलं. कॅन्सर होता. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. खोलीत आम्ही चार-पाचजण होतो.

"मागच्या वेळी तुम्हाला हे दिसलं नाही?"

"मागच्या काचेत नव्हतं," अक्का म्हणाल्या.

"काचेत नव्हतं, का डोळ्यात नव्हतं?"

मी कपाटाला टेकून उभा होतो. मोठे डॉक्टर मला त्या महिन्यापासून एकट्यानं ऑपरेशनं करू देणार होते. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात तेच होतं म्हणून सांगतो. अक्का एक शब्द बोलल्या असत्या, 'ह्याला विचारा' एवढं जरी, तरी पुरे होतं. त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. पातळाचा पदर नीट केला आणि अंगण ओलांडून गेल्या. मीही बोललो नाही.

त्या दिवसापासून तुकडे बाहेरगावी जायला लागले. अक्कांकडे राहिलं रक्त, थुंकी, लघवी. गावात झालं, 'बाईला दिसलं नाही.' मेणाची भांडी एका फळीवर पालथी पडली. चिमण्यांचं धान्य तेवढं चालू राहिलं.

मास्तर मुंबईला गेले. अर्धा जबडा गेला, मग रेडियमचे चटके. परत आले तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं असं की सवय नसलेल्याला एक शब्द लागू नये. शाळेतली नोकरी सुटली. पण पहिल्याच शनिवारी मास्तर रंगाची पेटी घेऊन अंगणातून आले आणि अक्कांच्या खोलीत शिरले. मी खिडकीतून बघत होतो. दार उघडं होतं.

अक्कांनी मुंबईला लिहून मास्तरांच्या गाठीची एक काच मागवून घेतली. मला बोलावलं. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "बघ."

कॅन्सरच्या बेटांभोवती लिम्फोसाइटची, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्याच एका जातीची, गर्दी होती, मोहरी सांडल्यासारखी, आणि कुठं कुठं ती बेटांच्या आत घुसली होती. तिथल्या कॅन्सरच्या पेशी सुकलेल्या, फुटलेल्या दिसत होत्या.

"गल्ली नुसती बघायला आलेली न्हाय," अक्का म्हणाल्या. "धरून ठेवलंय. मास्तर जगतील."

"असं कुणी म्हटलंय?"

"एकदोघांनी लिहिलंय, बाकीच्यांनी नाकं मुरडल्यात. आणि मलाबी पक्कं म्हाईत न्हाय. कवा धरून ठेवतात, कवा त्येलाच पोसतात. एकच गल्ली दोन्ही करती. का करती, ते कळायला आपण नसू." त्यांनी काच काढली. "आधी हीच आड आली. आता हीच धरून हाय. कुणाला बोल लावायचा?"

मला वाटलं, आता त्या माझ्याकडे बघतील. त्या काच पुसत होत्या.

मोठ्या डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलं तेव्हा ते हसले. पण मास्तर जगले. दर महिन्याला माझ्याकडे तोंड दाखवायला यायचे, आणि दर शनिवारी अक्कांकडे. वर्षांमागून वर्षं गेली. मग अक्कांच्याच डोळ्यांना काचबिंदू झाला. चित्राच्या कडा आतल्या आत मिटत जाव्यात तसं दिसतंय, म्हणाल्या. काम सोडून त्या भावाकडे कुरुंदवाडला निघाल्या. गावाला जे म्हणायचं ते म्हणायला हे बरंच झालं. डोळे तेव्हापासूनच गेले असणार, म्हणे.

मी एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. सामान टपावर चढलं. आता बोललो नाही तर कधीच नाही, म्हणून मी म्हणालो, "अक्का, मास्तरांच्या त्या पहिल्या तुकड्याचं..."

"मला कशाला सांगतोस?" त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हाय. ज्याला म्हाईत न्हाय त्येला सांग."

गाडी गेली. मला वर्ष लागलं. वर्षाहून जास्तच.

शेवटी एका तपासणीच्या दिवशी, मास्तरांचं तोंड बघून झाल्यावर, मी स्टूल ओढून समोर बसलो आणि सगळं सांगितलं. चिमटा, रक्त, अक्का मला काय म्हणाल्या, मी त्यांना काय म्हणालो. मास्तर ऐकत राहिले. मला वाटलं होतं, उठून जातील, नाहीतर हात उगारतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते ओढलेल्या तोंडानं म्हणाले, आणि मला प्रत्येक शब्द लागला, "अरे, मी तिला माफ केलं होतं. मुंबईत खाटेवर पडून ठरवलं होतं. बाईच्या हातून चूक झाली, तिला एकटी पाडायची नाही. म्हणून येत होतो मी शनिवारी." मग उठले. "मला कुरुंदवाडला घेऊन चल."

गेलो. पेठेतल्या दुकानामागं दोन खोल्या, पुढं कट्टा. अक्का कट्ट्यावर ताठ बसल्या होत्या. खांद्यांचं वाकलेपण तसंच, पण चेहरा आता कुणावरही रोखलेला नव्हता. मास्तरांचा पाय वाजताच त्यांनी बाजूची जागा हातानं झटकली.

मास्तर बसले. वाटेत त्यांनी बरंच काही जुळवलं असावं. प्रत्यक्षात एवढंच म्हणाले, "अक्का, मी इतकी वर्षं तुम्हाला माफ करत होतो."

"व्हय. दर शनवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"माफ करायला का होईना, येत होता की." अक्का म्हणाल्या. "आणि बोलून काय झालं असतं? ह्या पोरावरचा तुमचा भरवसा गेला असता. म्हैन्याच्या म्हैन्याला गाल दाखवायचा होता तुम्हाला. तो कुणाला दाखवला असता? माझं काय, मी काचेमागं बसणारा मानूस. माझ्यावर नसला भरवसा तर चालतंय. ज्येचा हात तोंडात जातो, त्येच्यावर पायजे."

मास्तरांनी तोंडावरून पंचा फिरवला. मी उभाच होतो. अक्कांनी मला पाणी मागितलं, हात धुतले, आणि मास्तरांकडे सरकल्या.

"उघडा तोंड."

"दर महिन्याला हा बघतोच की," मास्तर म्हणाले.

"मी कुठं बघितलंय? मी नुसत्या काचा बघितल्या. उघडा. आणि चावू नका."

"चावायला दात कुठं ठेवलेत?"

त्यांनी तर्जनी मास्तरांच्या गालात घातली आणि हळूहळू मागं नेली, व्रणाच्या जागेवरून, शिवणीवरून, हाड नव्हतं त्या खळग्यातून. चेहरा आकाशाकडे, दोन्ही डोळे उघडे. मास्तरांनी मात्र डोळे मिटून घेतले होते.

"मऊ हाय," अक्का म्हणाल्या. "तम्मा, हात धू. तू बघ."

मी बोट घातलं.

"काय लागतंय?"

"मऊ आहे."

"आनखी आत जा."

मी गेलो, जिथवर बोट पोचत होतं तिथवर. "मऊ आहे, अक्का."

"मग काढ की बाहेर. त्येनी श्वास कवा घ्यायचा?"

मास्तर खोकले, आणि खोकता खोकता त्यांना हसू फुटलं, तोंड एका अंगाला ओढून. कट्ट्यावर अक्का मान तिरकी करून ऐकत होत्या, आमच्यातलं कोण हसतंय आणि कोण नाही ते.